कोंबड्यांचे जंत: आधी विष्ठा तपासा, मग औषध पाजा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पोळ्याच्या सुमारास नागपुरात पशुऔषधांच्या दुकानांतून कोंबड्यांसाठी जंताचे औषध नेणारे बरेच दिसतात. हुडकेश्वर, पारडी, वाठोड्याकडे दारात पाच-दहा गावरान कोंबड्या असलेली घरे आजही आहेत आणि छतावर कडकनाथ पाळणारेही आहेत. बहुतेक ठिकाणी गुरांसाठी आणलेले उरलेसुरले औषध पाण्याच्या भांड्यात ओतले जाते. महिन्या-दीड महिन्याने कोंबड्या पुन्हा सुकल्या की 'औषध नकली निघाले' म्हणून मोकळे! औषध सहसा नकली नसते. चूक होते ती जंत ओळखण्यात आणि मात्रा काढण्यात.

हा हंगाम का, तेही पाहू. विष्ठेतून पडलेले गोल जंताचे अंडे ओल्या, उबदार मातीत दोन-तीन आठवड्यांत रोग लावण्याइतके तयार होते. कोंबडीने ते टिपले की पाच ते आठ आठवड्यांत तिच्या आतड्यात नवा जंत अंडी घालू लागतो. मृगाच्या पावसापासून हिशेब धरला तर भर पोळ्यावर येतो. आपली काळी माती ओल धरून ठेवते, त्यामुळे प्रकार आणखी वाढतो.

जंत झालेल्या कोंबडीचा तुरा फिका पडतो, पंख लोंबतात, अंडी कमी होतात. ती दाणे खात असते, तरी छातीचे हाड सुरीच्या धारेसारखे हाताला लागते. तीन महिन्यांच्या आतल्या पिलांना त्रास सर्वांत जास्त. पण हीच लक्षणे इतर आजारांतही दिसतात. तीन ते आठ आठवड्यांच्या पिलांच्या विष्ठेत रक्त असेल तर ती बहुधा रक्ती हगवण, तिथे जंतनाशकाचा काही उपयोग नाही. हिरवी हगवण आणि मान वाकडी म्हणजे मानमोडीची (राणीखेत रोगाची) शंका. विष्ठेवरची पांढरी टोपी जंत नव्हे, ती कोंबडीची लघवी. अधूनमधून पडणारी तपकिरी, चिकट, उग्र वासाची विष्ठाही निरोगी कोंबडीचीच असते. शिळ्या विष्ठेत वळवळणाऱ्या माशीच्या अळ्यांना जंत समजणारेही कमी नाहीत. म्हणून सकाळी खुराड्याखाली पडलेली ताजी विष्ठाच बघावी.

पाच ते बारा सेंटीमीटर लांब, पिवळसर पांढरा, दोन्ही टोकांना निमुळता दिसला तर तो मोठा गोल जंत. तांदळाच्या कणीएवढे चपटे, हलणारे तुकडे दिसले तर चपटे जंत. हे मुंग्या, भुंगे आणि माश्या खाल्ल्याने होतात. आंधळ्या आतड्यातले जंत जेमतेम एक-दीड सेंटीमीटरचे आणि केसासारखे बारीक जंत तर नुसत्या डोळ्यांनी दिसणे कठीण. तिथे विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याला पर्याय नाही. चार-पाच ठिकाणची ताजी विष्ठा स्वच्छ डबीत भरून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवावी. मेलेली कोंबडी फाडून बघण्याची हौस मात्र आवरावी, विशेषतः एकाच वेळी दोन-तीन गेल्या असतील तर. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, हे विसरू नये.

आता औषध. पायपेराझिन फक्त मोठ्या गोल जंतावर चालते, तेही पूर्ण वाढलेल्या. चपट्या जंतांसाठी प्राझिक्वान्टेल लागते. अल्बेंडाझोल बहुतेक गोल जंतांवर चालते. त्याची नेहमीची मात्रा किलोला १० मिलिग्रॅम; चपट्या जंतांसाठी ती वाढवावी लागते, पण ते डॉक्टरांनी ठरवावे. दुकानात हे औषध अडीच टक्के आणि दहा टक्के अशा दोन ताकदींत मिळते आणि घोळ इथेच होतो. अडीच टक्क्यांच्या एका मिलीत २५ मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे दीड किलोच्या कोंबडीला ०.६ मिली पुरते. तेवढेच दहा टक्क्यांचे पाजले तर चौपट मात्रा पोटात जाते. पिसे गळून नवी येण्याच्या काळात जादा मात्रा झाली तर नवी पिसे वेडीवाकडी येतात. त्याच घरात कबुतरे असतील तर त्यांना या बाटलीतले देऊच नये, त्यांना ते सोसत नाही.

अल्बेंडाझोल पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. भांड्यात ओतले की वरचे पाणी पिणारीला काही मिळत नाही आणि शेवटचा गाळ पिणारीला भरमसाट मिळते. म्हणून प्रत्येक कोंबडी तराजूवर जोखा, बाटली चांगली हलवा आणि सुई काढलेल्या सिरिंजने चोचीच्या कडेने थेंब-थेंब पाजा. जिभेच्या बुडाशी श्वासनळीचे तोंड असते. तिथे पिचकारी मारली तर औषध फुफ्फुसात जाते. पायपेराझिन पाण्यातून द्यायचे असेल तर त्याआधी दोन तास पाणी बंद ठेवतात, पण नवतपाच्या उन्हात हे करू नये, कोंबडी उष्माघाताने जाईल.

आतड्याच्या अस्तरात दडलेली जंताची पिले पहिल्या डोसातून वाचू शकतात. दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो, तो बहुतेक जण चुकवतात. डोसानंतर दोन-तीन दिवसांची विष्ठा गोळा करून खोल पुरावी, कारण बाहेर पडलेल्या मादी जंताच्या पोटात अंडी भरलेली असतात. औषध दिल्यावर अंडी किती दिवस टाळायची याची मुदत लेबलवर असते, तोवर ती खाऊ वा विकू नयेत. मुदत लिहिलेली नसेल तर डॉक्टरांना विचारावे. मानमोडीची लस टोचायची असेल तर जंताचे औषध तिच्या आठवडाभर आधी देतात.

लसूण, हळद, पपईच्या बिया यांवर विसंबून डोस टाळू नये. फिनेल किंवा चुना टाकूनही जंताची सगळी अंडी मरत नाहीत, त्यांचे कवच जाड असते. ती मरतात कडक ऊन आणि कोरडेपणाने, आणि आपल्या मे महिन्यात उन्हाला तोटा नाही. तेव्हा खुराडे रिकामे करून जागा उन्हात तापू द्यावी, वरची दोन-तीन इंच माती खरवडून काढावी आणि भाताचे नवे तूस पसरावे. पावसाळ्यात पाण्याच्या भांड्याखालची जागा सर्वांत ओली राहते. भांडे विटांवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर ठेवावे. दाणे जमिनीवर न फेकता परातीत घालावेत, पिले मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवावीत.

औषध विक्रेत्यांना एक विनंती: कोंबड्यांसाठी बाटली मागणाऱ्याला ती किती टक्क्यांची आहे हे सांगा आणि सोबत एक मिलीची सिरिंज द्या. पशुसंवर्धन विभागाने पावसाळ्याचे चार महिने प्रत्येक दवाखान्यात विष्ठा तपासणीचा एक वार ठरवून तो फलकावर लिहावा.

आपला,
एक कुक्कुटपालक, नागपूर