स्वभावाला दोष देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्थलांतरितांची मुलं कमाईत मागे पडतात ती त्यांच्या स्वभावामुळे, असा सूर हल्ली वारंवार कानी पडतो. मानसशास्त्र शिकवण्यात आणि व्यक्तिमत्त्व चाचण्या घेण्यात माझी उभी नोकरी गेली, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

स्वभावाचा कामाशी संबंध असतोच. मानसशास्त्रज्ञ बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात कर्तव्यदक्षता हा गुण सगळ्याच प्रकारच्या कामांत उपयोगी दिसला. पण तो मोजतात कसा? ‘मी जबाबदारीनं काम करते’ अशा वाक्यापुढे मुलांनी स्वतःच एक (मुळीच पटत नाही) ते पाच (पूर्ण पटतं) यांपैकी आकडा लिहायचा. एका मुलीनं दोन लिहिला. बँकेत, दवाखान्यात आईवडिलांच्या वतीनं बोलणं, भाडेकराराचे कागद त्यांना वाचून समजावणं, हे ती कळत्या वयापासून करत आलेली. मी विचारलं तर म्हणाली, “आई दोन पाळ्या करते. मी काय करते?” तिनं स्वतःला आईच्या मापानं मोजलं होतं. कागदावर मात्र ती बेजबाबदार ठरली!

आयुष्य आपल्या हाती आहे की नशिबाच्या, हा कलही मोजतात. मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांची त्यासाठीची प्रश्नावली १९६६ पासून प्रसिद्ध आहे. आता अर्थशास्त्रज्ञ फिलिप ओरिओपोलस यांचा २०११ चा अभ्यास पाहा. कॅनडात नोकरीसाठी हजारो बनावट अर्ज धाडले गेले. शिक्षण आणि अनुभव कॅनडातलाच असूनही, इंग्रजी नावांच्या अर्जांना भारतीय किंवा चिनी नावांपेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त प्रतिसाद आला. अशी नकारघंटा ऐकत राहिलेला तरुण ‘सगळं नशिबावर आहे’ यावर खूण करील, तर तो त्याचा स्वभाव म्हणायचा की अनुभव? पुढे तीच खूण कमी पगाराचं कारण म्हणून मांडली जाते. हा त्या मुलांवर उघड अन्याय आहे.

अमेरिकेत तर अब्रामित्स्की, बूस्तान या अर्थशास्त्रज्ञांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वेगळंच चित्र दिसलं: गरीब स्थलांतरितांची मुलं तिथल्याच गरिबांच्या मुलांपेक्षा वर चढतात, आणि आईवडील कुठल्या भागात जाऊन राहिले यालाही त्यात मोठा वाटा आहे.

माझी मागणी साधी आहे. चाचणी पहिल्या नोकरीच्या आधी, शाळेतच घ्या. उत्तर लिहिताना डोळ्यांसमोर कोण होतं, हे मुलांना विचारा. आणि आपण अशा संशोधनाची बातमी छापाल तेव्हा मुलांनी स्वतःच भरलेले हे आकडे आहेत, एवढं त्यात जरूर नमूद करा.

आपली,
एक निवृत्त मानसशास्त्र शिक्षिका