सायलेन्सरमधली ‘माती’ फोडून विकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रस्त्याकडेच्या बेवारस गाड्या पावसाआधी उचला, ही मागणी दरवर्षी होते आणि ती रास्तच आहे. पण गाडी भंगारअड्ड्यावर गेली की तिच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याचे, पुढे काय होते, हे कुणी विचारत नाही.

पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरच्या नळीत इंजिनाकडच्या बाजूला हा स्टीलचा डबा असतो. आत बारीक भोकांचा सिरॅमिकचा ठोकळा, भोकांना पातळ लेप आणि लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम. गाडीमागे काही ग्रॅमच. पण दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत टनभर दगडातून हे धातू चार-सहा ग्रॅम निघतात, तर कंपनीच्या मूळ कन्व्हर्टरच्या टनभर सिरॅमिकमध्ये किलोच्या घरात असतात. खनिजाची प्रत म्हणजे काय, हे गोवेकरांना वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे हा डबा छिनीने फोडून आतली ‘माती’ गोणीत भरतात. सगळी किंमत त्या लेपात, आणि फोडताना पहिली धूळ होऊन उडते ती त्याचीच. ठोकळ्याभोवतीच्या पट्टीत बहुधा सिरॅमिक तंतू असतात, तेही कामगाराच्या छातीत जातात. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना चार बोटे नळी सोडून डबा अख्खा कापावा. गॅस कटर नको, वितळलेले लोखंड आत शिरते. डब्यावरचा क्रमांक राखावा, भाव त्यावरूनच ठरतो. बाजारातल्या स्वस्त नकली डब्यांत धातू नावालाच असतो.

जून ते सप्टेंबर डबे उघड्यावर ठेवू नयेत. सिरॅमिक पाणी शोषते. घेणारा ते १०५ अंशांवर सुकवून वजन धरतो, मग विकणाऱ्याला वाटते काटा मारला. एखाद्या तुकड्याला धातू मोजायचे यंत्र लावून सांगितलेला भावही खरा नव्हे. पुढच्या आणि मागच्या भागात धातूचे प्रमाण सारखे नसते, म्हणून सगळा माल दळून, एकजीव करून मगच नमुना काढावा लागतो.

स्कूटरच्या सायलेन्सरमध्ये सिरॅमिकऐवजी बहुधा पत्र्याची गुंडाळी असते. ती लोखंडाच्या ढिगात गेली की पोलादाच्या भट्टीत हे धातू कायमचे बुडाले. गोव्यात दुचाकी किती, हे आपण जाणताच.

परसात आम्लराज (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचे जहाल मिश्रण) वापरून प्लॅटिनम काढायचे उद्योग तर साफ बंद व्हायला हवेत. त्यात नायट्रोजनच्या ऑक्साइडचा पिवळट-तपकिरी धूर सुटतो, प्लॅटिनमच्या क्षारांनी दमा जडतो, उरलेले आम्ल विहिरीत झिरपते आणि महागडा ऱ्होडियम धड विरघळतही नाही.

१ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होत आहे. त्या गाड्या मोडीत देताना प्रत्येकीच्या कागदावर कन्व्हर्टर आहे की नाही, त्याचा क्रमांक आणि सुके वजन लिहावे. वाहतूक खात्याने एवढा एक रकाना वाढवला तरी डबा वाटेत कुठे गळतो ते कळेल.

आपला,
एक वाचक, फोंडा