पूररेषा उंबऱ्यापर्यंत आणा, विमा पावसाआधी वाचा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मे महिना आला की नदीतला गाळ किती उपसला याच्या बातम्या रोज येतात. त्या यायलाच हव्यात. पण चिपळूण, खेड, महाड, राजापूर, बांदा इथल्या बाजारपेठांत आणि नदीकाठच्या वाड्यांत राहणाऱ्या माणसाला आणखी दोन गोष्टी कळायला हव्यात. पाणी आपल्या घरात नेमके किती चढेल, आणि चढलेच तर नुकसान कोण भरून देईल. दोन्हींबद्दल गैरसमज फार आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जलसंपदा विभागाच्या नकाशावर दोन रेषा असतात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘२०२१ ला येऊन गेला, आता शंभर वर्षे बघायला नको’ असे चारचौघांत बोलले जाते, ते साफ चुकीचे आहे. लाल रेषेचा अर्थ एवढाच की दरवर्षी तेवढे पाणी येण्याची शक्यता एक टक्का आहे, मग आदल्या वर्षी पूर आलेला असो वा नसो. तीस वर्षांचा हिशेब मांडला तर लाल रेषेपर्यंत पाणी निदान एकदा येण्याची शक्यता साधारण २६ टक्के निघते आणि निळ्या रेषेपर्यंत सुमारे ७० टक्के. महाड आणि चिपळूणने २००५ आणि २०२१ असे दोन मोठे पूर सोळा वर्षांत पाहिले, हे विसरू नये.

बांधकामाचा नियमही स्पष्ट आहे. नदीकाठ ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र; तिथे शेती, बाग, मैदान चालते, नवे घर नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधता येते, पण जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट वर हवी. निळ्या रेषेच्या आतल्या जुन्या अधिकृत घराची पुनर्बांधणी करतानाही जोत्याला हाच दंडक लागतो आणि जलसंपदा विभागाचा ना हरकत दाखला लागतो. गोंधळ होतो तो इथे: नकाशावरची रेषा जमिनीवर कुठून जाते हे गटनंबरवार कुणी सांगत नाही. प्लॉट घेणाऱ्याला सातबारा मिळतो, पण जोते किती उंच घ्यायचे त्याचा आकडा मिळत नाही.

इशाऱ्यांचेही तेच. खेडच्या जगबुडी नदीची इशारा पातळी ५ मीटर, धोका पातळी ७ मीटर असे रोज जाहीर होते. पण हे आकडे पुलाजवळच्या मोजपट्टीवरचे. पट्टीवर ७ मीटर असताना आपल्या ओटीवर पाणी असते की पडवीत, हे घरच्याला ठाऊक नसेल तर तो आकडा ऐकून करायचे काय?

हे शोधायला यंत्र लागत नाही. शेजारच्या ज्या भिंतीवर २०२१ च्या पाण्याची चिखलरेघ खात्रीने माहीत आहे, तिथून गवंड्याच्या पारदर्शक पाणीनळीने ती पातळी आपल्या भिंतीवर आणावी. नळीत पाणी भरताना हवेचा बुडबुडा राहता कामा नये. एक बुडबुडा राहिला तरी पातळी चुकते. नळीचे एक टोक रेघेला, दुसरे आपल्या भिंतीला. पाणी स्थिर झाले की खूण करावी. पुराचे पाणी सपाट नसते, त्याला नदीच्या प्रवाहाच्या दिशेने उतार असतो, म्हणून पन्नास-साठ मीटरपेक्षा लांबची रेघ आणू नये. मग त्या खुणेच्या दीड फूट वर विजेचा बोर्ड, इन्व्हर्टर आणि कागदपत्रांचे कपाट न्यावे. तळमजल्याचे वायरिंग वेगळ्या एमसीबीवर असेल तर पाणी शिरताना तेवढाच भाग बंद करता येतो.

घाटावरच्या नदीचे गणित कोकणात चालत नाही. सह्याद्रीचा माथा ते समुद्र हे अंतर इतके थोडे की माथ्यावर कोसळलेला पाऊस काही तासांत खाली येतो, आणि खाली नदी सपाट होऊन खाडीला मिळते. त्याच वेळी भरती असेल तर पाण्याला वाट मिळत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी भरती. २०२१ चा पूर आला ती २२ जुलै ही गुरुपौर्णिमेच्या तोंडावरची तारीख होती. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत कोयनेच्या वीजनिर्मितीचे पाणी कोळकेवाडी धरणामार्गे येते, ते वेगळेच. म्हणून रात्री मुसळधार सुरू असेल तर पावसाच्या आकड्यासोबत भरतीची वेळही पाहावी. ती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

आता विमा. पूररेषेत घर आहे म्हणून विमा घ्यावाच लागतो असा कायदा आपल्याकडे नाही. त्यामुळे बहुतेकांकडे असतो तो कर्ज देताना बँकेने काढून घेतलेला, आणि तो कुणी वाचलेला नसतो. सरकारी मदत आणि विमा यांत किती अंतर आहे ते पाहा: २०२१ च्या पुरानंतर दुकानदारांसाठी राज्य सरकारने नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार रुपये जाहीर केले. किराणा किंवा कापडाच्या दुकानाचे यात किती भागणार?

घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सर्व साधारण विमा कंपन्यांना द्यावी लागते. पूर, वादळ, दरड कोसळणे हे तिच्यात मुळातच येते. विमा रक्कम जमिनीच्या भावावर ठरत नाही, पुन्हा बांधण्याच्या खर्चावर ठरते. समजा ८०० चौरस फूट घर आणि बांधकाम १,८०० रुपये फूट, तर १४ लाख ४० हजार. घरातल्या सामानाला याच्या २० टक्के, म्हणजे २ लाख ८८ हजार, आपोआप संरक्षण मिळते (कमाल १० लाख). दागिने त्यात नाहीत, ते वेगळे लिहून घ्यावे लागतात. आणि कोकणातल्या माणसाने हे नीट वाचावे: नदीने काठ खाल्ला किंवा समुद्राने किनारा ओढून नेला, तर ती धूप या पॉलिसीत बसत नाही.

दुकानदारांसाठी ५ कोटींपर्यंत ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे. क्लेम अडतात ते बहुतेक तीन ठिकाणी. पहिले, पत्ता. पॉलिसीवर दुकान आहे, माल मात्र मागच्या गल्लीतल्या वखारीत. वखार लिहिलेली नसेल तर तिथला माल विम्याबाहेर. दुसरे, अपुरी रक्कम. बँकेने कॅश क्रेडिटपुरता (मालावर दिलेल्या खेळत्या कर्जापुरता) १२ लाखांचा विमा काढला, माल २० लाखांचा होता आणि १० लाखांचा भिजला, तर हातात १० नाही, ६ लाख येतात, कारण विमा साठ टक्केच होता. पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्यापुढे प्रमाणात कापले जाते. गणपतीचा माल जुलैत भरला जातो. विमा रक्कम त्या भरलेल्या दुकानाची हवी. तिसरे, हिशेब. बँकेला दिलेले स्टॉक स्टेटमेंट एक सांगते आणि जीएसटीचे विवरण दुसरे, तर नुकसान मोजायला कंपनीने पाठवलेला सर्व्हेअर कमी आकडा धरणार हे उघड आहे. माल खरेदीभावाने धरतात, विक्रीभावाने नव्हे.

गाडीला केवळ थर्ड पार्टी असेल तर पुराचे काहीच मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसी असली तरी पाण्यात बुडालेली गाडी चालू करून पाहू नये. सिलिंडरमध्ये पाणी ओढले जाऊन इंजिन फुटते, आणि इंजिन संरक्षणाची जोड घेतलेली नसेल तर तो खर्च नाकारला जातो.

पाणी ओसरल्यावर पहिल्या दिवशी सगळे रस्त्यावर फेकायची घाई होते. चिखल काढावाच लागतो, रोगराईची भीती खरी आहे. पण आधी भिंतीवरच्या रेघेला टेप लावून फोटो, मग मालाच्या थप्प्यांचे मोजता येतील असे फोटो, प्रत्येक प्रकारचा एखादा नग आणि लेबले बाजूला. नेटवर्क आले की त्याच दिवशी कंपनीला ईमेल करावा. नुसता फोन पुरावा ठरत नाही. तलाठ्याचा पंचनामा घ्यावा, तो विम्यातही उपयोगी पडतो, पण सर्व्हेअरच्या पाहणीऐवजी चालत नाही. क्लेम नाकारला किंवा तक्रारीला महिनाभर उत्तर आले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांसाठी घरमालक आणि छोटे व्यावसायिक दोघांनाही ही सोय आहे.

हप्ता भरल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, म्हणून हे सगळे जून उजाडण्याआधी.

प्रशासनाकडे मागणी मोठ्या खर्चाची नाही. नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी निळ्या-लाल रेषांतले गटनंबर सूचनाफलकावर लावावेत. पूरक्षेत्रातल्या प्रत्येक रस्त्यावर चार-दोन विजेच्या खांबांवर २००५ आणि २०२१ ची पातळी आणि लाल रेषेची पातळी रंगवावी, आणि पुलावरच्या पट्टीवर ५ व ७ मीटर असताना त्या खांबापाशी पाणी किती असते तेही लिहावे. इशाऱ्याच्या संदेशात नदीपातळीसोबत भरतीची वेळ आणि कोळकेवाडीतून सुटणारे पाणी एकाच ओळीत द्यावे. तिन्ही आकडे शासनाच्याच वेगवेगळ्या खात्यांकडे आज आहेत.

आपला,
एक वाचक,
चिपळूण, जि. रत्नागिरी