तोराह वाचायला दहा जण लागतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कोकणातील सिनेगॉगांवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळांवर, आलेला सचित्र लेख वाचला. अलिबागचे मागेन आबोथ, रेवदंड्याचे बेथ एल, टांगते दिवे, पडद्यामागचे लाकडी कपाट, सारे मनापासून टिपले आहे. मात्र कपाटाच्या छायाचित्राखाली ‘येथे ज्यूंचा प्राचीन ग्रंथ पूजेसाठी ठेवलेला असतो’ असे छापले आहे. ते वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, वय सत्तरीपार, राहणार ठाणे.

तो ग्रंथ म्हणजे तोराह, आमचा धर्मग्रंथ. तोराह पूजेला ठेवत नाहीत, वाचतात. चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या त्या गुंडाळीत ३,०४,८०५ अक्षरे असतात. त्यांतले एक जरी पुसले गेले, तरी दुरुस्ती होईपर्यंत ती गुंडाळी वाचनाला चालत नाही. तिचे ५४ भाग पाडले आहेत. शनिवारी सकाळी त्या आठवड्याचा भाग वाचतात, आणि सोमवारी व गुरुवारी पुढच्या भागाची सुरुवात. सिम्हात तोराह या सणाच्या दिवशी शेवटची ओळ संपते आणि तिथल्या तिथे पहिली ओळ पुन्हा सुरू होते. हे सगळे दहा प्रौढ पुरुष जमले तरच. नऊ आले तर कपाट उघडत नाही. आमची बहुतेक माणसे १९४८ नंतर इस्रायलला गेली. कोकणातल्या कितीतरी कपाटांचे पडदे त्यामुळे सणावारीच सरकतात. लेखात इमारतीच्या डागडुजीची काळजी आहे, ती रास्तच आहे. मला काळजी त्या दहाव्या माणसाची वाटते.

माझे वडील नोकरीला होते तिथे शनिवारी अर्धा दिवस भरावाच लागे. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस, मोडतो याचे शल्य त्यांना शेवटपर्यंत होते. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत आई दिवा लावी आणि जेवणे झाली की वडील त्या आठवड्याचा भाग आम्हा भावंडांना मराठीतून वाचून दाखवत. एकदा इजिप्तच्या राजाची, फारोची, कथा चालली असता धाकट्या भावाने विचारले, “फारोचं मन देवानंच कठीण केलं, मग दोष फारोचा कसा?” मला वाटले, आता बसणार पाठीत धपाटा. पण वडिलांचा चेहरा उजळला. म्हणाले, “बाळा, याच प्रश्नावर मोठमोठे रब्बी शेकडो वर्षं वाद घालतायत. आता तूही त्यांच्यात बसलास.” तोराहचा अभ्यास म्हणजे काय, हे मला त्या रात्री कळले. पाठांतर आहेच, पण खरा अभ्यास जोडीदाराशी वाद घालत, प्रश्नाला प्रश्न लावत होतो.

आमच्या पूर्वजांकडे मात्र कित्येक पिढ्या हा ग्रंथच नव्हता. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले त्यात सगळे गेले, असे आम्ही ऐकत आलो. उरली ती वागणूक. तेलाचा घाणा शनिवारी बंद, म्हणून गावाने नाव ठेवले ‘शनिवार तेली’. मुलांची सुंता, ओठांवर ‘शेमा’ची प्रार्थना. मटणाच्या रश्शाला दूधदुभते न लावता नारळाचे दूध. परंपरा सांगते की डेव्हिड रहाबी नावाचे ज्यू विद्वान कोकणात आले तेव्हा हे लोक खरेच ज्यू आहेत का, हे पाहायला त्यांनी आमच्या बायकांपुढे मिसळ मासळी ठेवली. बायकांनी खवले नसलेली, म्हणजे तोराहने वर्ज्य ठरवलेली, मासळी निमूट बाजूला काढली. तोराहचे एक अक्षर त्यांनी वाचलेले नव्हते. ही गोष्ट सांगताना माझा आवाज आजही भरून येतो.

तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, एक प्रसंग आहे. आजच्या इस्रायलमधल्या लोद गावी माडीवरच्या खोलीत विद्वान बसले होते. प्रश्न निघाला, अभ्यास मोठा की आचरण? रब्बी तार्फोन म्हणाले आचरण, रब्बी अकिवा म्हणाले अभ्यास. शेवटी सर्वांचे एकमत झाले की अभ्यास मोठा, कारण तो आचरणाकडे नेतो. त्याच लोदमध्ये आज आमचे मराठी बोलणारे नातलग राहतात. कोकणात गंगा उलटी वाहिली, आधी आचरण टिकले आणि त्याने आम्हाला अभ्यासापाशी आणले. मग मात्र आमच्या लोकांनी कसर ठेवली नाही. इजिप्तच्या गुलामीतून सुटकेच्या सणाला, वल्हांडणाला, रात्री वाचायची पोथी म्हणजे हग्गादा; ती मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली निघाली, पुण्यात १८७४ साली. पुण्याच्या प्रतीतल्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका आपल्याकडच्यासारख्या जमिनीवर बसलेल्या आहेत. तोराहमधल्या कथांवर मराठी कीर्तनेही झाली. आपल्या लेखात मलिद्याच्या ताटाला अर्धे पान दिले आहे. यातल्या एकाही गोष्टीला ओळ मिळालेली नाही.

छायाचित्राखालचा मजकूर दुरुस्त करावा, ही विनंती. वाचकांकडेही एक मागणे आहे. जुन्या घराच्या माळ्यावर किंवा रद्दीच्या दुकानात मराठीच्या जोडीला हिब्रू अक्षरे असलेले पुस्तक दिसले, तर कृपया जवळच्या सिनेगॉगमध्ये पोचते करा. अगदी जीर्ण असले तरी चालेल. देवाचे नाव लिहिलेले पान आम्ही फेकत नाही, कबरस्तानात पुरतो.

आपली नम्र,
एक बेने इस्रायल वाचक, ठाणे