पार्किंगमधील फवारणी पंपाबाबत शेवटचा अर्ज

प्रति,
मा. अध्यक्ष,
सोसायटी व्यवस्थापक समिती, वरूड, जि. अमरावती

विषय : फवारणी पंपामुळे मोटरसायकलच्या टाकीचे झालेले नुकसान

महोदय,

आधीच्या अर्जांची समितीने साधी पोचही दिली नाही, म्हणून नाइलाजाने पुन्हा लिहितो आहे.

माझ्या आरएक्स १०० च्या टाकीवर डाव्या बाजूला वीतभर ओरखडा पडला आहे. त्यावरून नख फिरवले की अडकते. नुसता वरचा लॅकर गेला असता तर २००० नंबरचा वॉटर पेपर आणि रबिंग कंपाउंड मारून मी गप्प बसलो असतो. इथे रंग, प्रायमर सगळे जाऊन पत्रा उघडा पडला आहे. ओरखड्याच्या टोकाशी निळसर पांढरे शिंतोडे वाळलेले आहेत. ते बोर्डो मिश्रणाचे, म्हणजे बागेत फवारायच्या मोरचूद-चुन्याच्या औषधाचे आहेत, हे वरुडात शाळकरी पोरगाही सांगेल. मोरचुदाने लोखंड खराब होते, म्हणून तर ते प्लास्टिकच्या ड्रममध्ये कालवतात. तळमजल्यावरचे ३ नंबरचे सभासद स्वतः संत्रा बागाईतदार आहेत, त्यांना हे मी सांगायला नको. तरी त्यांची माणसे एचटीपी पंपाची (जास्त दाबाच्या फवारणी पंपाची) लोखंडी फ्रेम माझ्या गाडीला घासत नेऊन पिकअपमध्ये चढवतात आणि संध्याकाळी पंप तिथेच धुतात.

मी त्यांच्याशी आवाज न चढवता बोललो. उत्तर मिळाले, "लागलं असन भाऊ, जुनी तं गाडी आहे!"

ही गाडी बाबांनी १९९४ साली संत्र्याच्या आंबिया बहाराच्या (हंगामाच्या) पैशातून घेतली. १९९६ मध्ये हे मॉडेलच बंद झाले. टाकीचा रंग आजवर कंपनीचाच होता. आपले सचिव म्हणतात, "दुसरा रंग मारून घ्या." रंग बदलायचा तर आरसी बुकात तशी नोंद करून घ्यावी लागते. तोच रंग मारायचा तर इतक्या वर्षांच्या उन्हाने उतरलेल्या रंगाला नवा रंग जुळत नाही, टचअप ठिगळासारखा दिसतो. म्हणजे टाकी खरवडून प्रायमरपासून सगळे नव्याने करणे आले. थर्ड पार्टी विम्यात यातला एक रुपया मिळत नाही.

प्रश्न फक्त माझ्या गाडीचा नाही. जिन्याखाली वर्षभर संत्र्याचे क्रेट असतात. दिवाळीत ३ नंबरवाल्यांकडे पाहुणे आले तेव्हा माझी जागा अडवली, मी काही बोललो नाही. सामायिक नळाचे पाणी पंप धुण्यात जाते, तेही सोसले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आणि गुरुजी यांचेही हेच म्हणणे आहे. रोज समोरासमोर गाठ पडते म्हणून ते सही करायला कचरतात, एवढेच.

मुंबईच्या एका सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितले आहे की खुली आणि इमारतीखालची पार्किंगची जागा सामायिक असते. सामायिक जागा म्हणजे कोणाच्या शेतीचे गोदाम नव्हे. आपली संस्था १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंदलेली आहे, तक्रारीला लेखी उत्तर मिळावे ही अपेक्षा काही जास्तीची नाही.

पंप, ड्रम आणि क्रेट आठ दिवसांत पार्किंगमधून हलवावेत. टाकीच्या रंगकामाचा खर्च संबंधित सभासदाकडून वसूल करावा, आणि खांबाजवळची माझी जागा पिवळा पट्टा मारून आखून द्यावी. पाऊस लागला आहे. उघड्या पत्र्यावर मी ग्रीस लावून ठेवले आहे, पण ते रोज धुपते आणि कडेने तांबूस गंज धरायला लागला आहे.

निर्णय होईपर्यंत मी गाडी तुमच्या कारशेजारी पोर्चमध्ये उभी करीन. तिथे पंप येत नाही.

आपला,
पहिल्या मजल्यावरील सभासद