ऑस्लोत लेकरांना आधी पूल दाखवा

माननीय संपादक,
सुट्टीतील परदेश प्रवासाच्या लेखांत ऑस्लोचे विगेलँड शिल्पोद्यान 'धावती भेट' म्हणून उरकले जाते. लहान मूल सोबत असेल तर तिथे अर्धा दिवस ठेवावा. प्रवेश फुकट, १२ क्रमांकाची ट्राम थेट दाराशी सोडते.

बहुतेक जण आधी १२१ मानवाकृतींचा मोनोलिथ (एकाच दगडात कोरलेला उंच स्तंभ) गाठतात. तिथेच चुकते: वाट चढणीची, शेवटी पायऱ्या, बाबागाडी उचलावी लागते आणि मूल रडकुंडीला येते. त्याऐवजी उद्यानातल्या पुलावर रेंगाळा. तिथे ५८ ब्राँझ शिल्पे आहेत. पाय आपटणारा चिडका पोरगा शोधायला सांगा. हात लावून लावून त्याची मूठ पिवळीधमक झाली आहे. पुलाखाली तळ्याकाठी ब्राँझची आठ बाळे गोलात मांडली आहेत, तीही मुलांच्या उंचीचीच. मोठ्यांनी जरा वाकावे!

खेळाचे मैदान पुलाच्या अलीकडेच आहे, पण ते परतताना. आधी दाखवलेत तर शिल्पे विसरा. पाऊस पडून गेल्यावर मोनोलिथभोवतीची ग्रॅनाइटची शिल्पे निसरडी होतात, तेव्हा मुलांना त्यांवर चढू देऊ नये. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणून जेवणाची वेळ घड्याळावरच ठरवावी.

– एक वाचक, पुणे