नर्मदाकाठच्या रस्त्याला साइडपट्टी हवी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

महेश्वर ते बडवाह हा नर्मदेच्या उत्तर तटाचा रस्ता मी या हिवाळ्यात एकटीने सायकलवर केला, तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय. आपण इंदूरवाले महेश्वरला जातो ते बहुतेक कारने, घाटावर फोटो, एखादी माहेश्वरी साडी आणि संध्याकाळी परत. त्या रस्त्याच्या कडेने कोण चालतंय ते कारच्या काचेतून नीट दिसतच नाही.

चालतात परिक्रमावासी. देवउठनी एकादशी झाली की निघतात, नर्मदा उजव्या हाताला ठेवून, ती कुठेही न ओलांडता, दोन्ही तट मिळून अडीच हजार किलोमीटरच्या वर. त्यात मराठी माणसं किती असतात हे काही मी सांगायला नको. उत्तर तटावर त्यांचं तोंड पूर्वेला, माझंही पूर्वेलाच, त्यामुळे सकाळपासून एकेकाला मागे टाकत जायचं, प्रत्येक वेळी “नर्मदे हर” आणि पलीकडून तेवढ्याच जोरात “नर्मदे हर”. एका आश्रमातून तर हाक मारून चहा दिला, मी परिक्रमेत नाही म्हटलं तरी सोडलं नाही, वर बाटली भरून दिली. बाईमाणूस एकटी सायकलवर, भीती नाही वाटत का असं सगळे विचारतात. मला माणसांची भीती कुठेच वाटली नाही, वाटली ती रस्त्याच्या कडेची.

बऱ्याच ठिकाणी डांबर संपतं तिथे सरळ चार बोटं खाली उतार आहे, कुठे वीतभर. मंडलेश्वरच्या पुढे माझ्या समोर एक साठीच्या आजी चालत होत्या, पांढरं लुगडं, हातात काठी, खांद्याला झोळी, आणि मागून वाळूचा डंपर. त्या काठी टेकून खाली मातीत उतरल्या, डंपर गेला, धूळ खाली बसायची वाट बघितली, मग गुडघ्यावर हात ठेवून परत वर चढल्या. पाच मिनिटांत कापसाची ट्रॉली आली, ती तर दोन्ही बाजूंनी रस्त्याबाहेर फुगलेली, परत तेच. मीही उतरले. सायकलचं अरुंद टायर त्या कडेवरून घसरलं तर माणूस पडतो तो डांबराच्या बाजूला, म्हणजे थेट गाडीखाली.

या निमाड भागाची माती काळी, कापसाची. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, डांबराखालचा आधार सुटतो आणि कड तुकड्या-तुकड्याने तुटत जाते. रस्ता नवा केला की मधलं डांबर एक थर वर येतं, बाजूची माती आहे तिथेच राहते, त्यामुळे दर नव्या थराबरोबर ही पायरी आणखी उंच होते. म्हणून नुसतं डांबर टाकून उपयोग नाही, दोन्ही बाजूंना मुरूम टाकून, पाणी मारून, रोलरने दाबून, डांबराच्या लेव्हलला आणलेली निदान मीटरभर साइडपट्टी पाहिजे. आणि ती दर पावसाळ्यानंतर बघायला पाहिजे, कारण मुरूम वाहून जातोच.

इंदूरच्या वाचकांनी यात का पडावं असं कुणी म्हणेल. आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून चढवलेलं आहे, अख्खा विंध्याचा चढ पार करून, रोज. त्याच जलूदच्या सोलर प्लांटसाठी 2023 मध्ये महापालिकेने ग्रीन बॉण्ड, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे, काढले तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणांनी कौतुकाने वाचलं. जिचं पाणी आपण पितो तिच्या काठाने पायी जाणाऱ्याला धड पाऊल ठेवायला जागा नाही, हे मला तरी सहन होत नाही.

2028 मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे. तिथे आलेली गर्दी ओंकारेश्वर-महेश्वरलाही जाणार, गाड्या कितीतरी पटीने वाढतील आणि चालणारे तेव्हाही कडेनेच चालत असतील. सिंहस्थाच्या नावाने रस्त्यांची कामं निघतायत, त्यातच हे बसवता येईल. सगळं एकदम जमत नसेल तर आधी छोट्या पुलियांच्या दोन्ही टोकांना करा, तिथे कठडा सुरू होतो, बाजूला उतरायलाही जागा राहत नाही आणि डंपरवाला हॉर्न देत तसाच येतो.

आपली,
इंदूरची एक सायकलस्वार वाचक